कागदावरच्या टॅक्सी

२०२५ च्या जुलैची सुरुवात. राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी मंत्रालयातून मोबाइलवर दादरसाठी एक बाइक टॅक्सी मागवली, तीही दुसऱ्याच नावाने. मुंबईत बेकायदा बाइक टॅक्सी चालत नाहीत, असं त्यांच्याच खात्याचे अधिकारी त्यांना सांगत होते. थोड्याच वेळात बाइक मंत्रालयाच्या दाराशी हजर झाली. मंत्र्यांनी बाइकवाल्याच्या हातावर पाचशे रुपये ठेवले. तुझ्यासारख्या गरिबावर गुन्हा दाखल करून काही साधायचं नाही, मागचे मोठे मासे पकडायचे आहेत, असं त्याला सांगितलं. पुढे दोन दिवस वर्तमानपत्रांतून खात्याची चांगलीच शोभा झाली.

ही बातमी खात्याच्या फजितीची म्हणून वाचली गेली. तिच्यातली दुसरी गंमत तशीच राहून गेली. संध्याकाळी ऑफिसं सुटायच्या वेळी मंत्रालयासमोर उभं राहून दादरला जाणारी काळी-पिवळी मिळवून पाहावी. परवाना असलेली, मीटर लावलेली, सरकारने दर ठरवून दिलेली. मिळालीच तर नशीब. ज्या वाहनाला परवानाच नाही, ते मात्र बोलावल्याबरोबर दारात उभं.

टॅक्सीच्या बाबतीत सरकार प्रामुख्याने तीन गोष्टी ठरवत आलं आहे: गाड्या किती, भाडं किती आणि चालवणारा कोण. प्रवाशाला यातलं काहीच विचारायचं नसतं. हातात बॅग, काखेत पोर आणि वर पाऊस असताना त्याला एवढंच कळायला हवं असतं, की आत्ता इथे गाडी मिळेल का. टॅक्सीचे नियम वर्षानुवर्षं जाडजूड होत गेले, पण या प्रश्नाला त्यांत जागा मिळाली नाही.

नाही म्हणायला, भाडं नाकारण्याविरुद्ध कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १७८, पोटकलम ३. रिक्षावाल्याने प्रवासी नाकारला तर दंड पन्नास रुपयांपर्यंत, टॅक्सीवाल्याने नाकारला तर दोनशेपर्यंत. २०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, हेल्मेट-सिग्नलचे दंड हजारांत गेले, तेव्हा टॅक्सीचे दोनशे वाढून पाचशे झाले. रिक्षाचे पन्नास मात्र पन्नासच राहिले. परिवहन कार्यालय परवाना किंवा बॅज काही दिवसांसाठी निलंबित करू शकतं, हे खरं. पण त्यासाठी नाकारल्या गेलेल्या प्रवाशाने भर गर्दीत गाडीचा नंबर टिपून घ्यायचा, तक्रार करायची आणि मग पुन्हा दुसरी टॅक्सी शोधत फिरायचं.

आता स्टिअरिंगच्या बाजूने पाहू. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला पहाटे लांब पल्ल्याच्या गाड्या लागतात. टॅक्सीवाला रात्रीपासून रांगेत असतो. रांग इंचाइंचाने पुढे सरकते. त्याचा नंबर लागतो तेव्हा समोर चार बोचकी घेऊन एक कुटुंब उभं राहतं आणि म्हणतं, नेहरूनगर. म्हणजे किमान भाडं, २०२५ च्या दराने ३१ रुपये. पुन्हा रांगेत यायचं तर शेवटून. तो म्हणतो, नहीं जाएगा. मागचा ठाणे किंवा बोरिवलीच्या आशेवर आहे, तोही मान हलवतो. गाडी स्वतःची नसेल, तर मालकाला रोजची ठरलेली रक्कम द्यायचीच आहे, धंदा होवो न होवो. पाळी संपत आली असेल, तर गाडी रात्रीच्या चालकाच्या हवाली करायला ठरलेल्या ठिकाणी पोहोचायचं आहे आणि प्रवासी नेमका उलट्या दिशेचा निघतो. या माणसाला उद्धट म्हणणं सोपं आहे, आणि पुष्कळदा तो असतोही. पण त्याने स्वभाव बदलला म्हणून ३१ रुपयांचं गणित बदलत नाही.

मुंबईत मोटार टॅक्सी १९११ मध्ये सुरू झाली. त्याआधीपासून रस्त्यावर व्हिक्टोरिया होत्या आणि पुढेही बराच काळ दोन्ही शेजारी शेजारी धावत राहिल्या. घोड्याचा लगाम सोडून स्टिअरिंग हाती घेणाऱ्यांत पालनपूरकडून आलेल्या चिलिया मुसलमान कुटुंबांची मोठी संख्या होती. बापाची गाडी, मुलाची गाडी, पुतण्या रात्रपाळीला, असा पिढीजात धंदा. मग मंगळूरकडचे आले, उत्तर प्रदेशातले आले. सातारा-कोकणातलेही आले.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात टॅक्सी म्हणजे फियाट हे समीकरण पक्कं झालं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती बनत असे, पुढे तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मोटार घ्यायची तर नंबर लावून वाट पाहायची, असा तो काळ. त्यात टॅक्सीला दुहेरी टंचाई: गाडी मिळायची मारामार आणि परवान्याचीही मारामार. पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या तोंडावर थांबलं. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ला झाली. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षं ठरलेलं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर कायदेशीर पद्मिनी उरली नाही. त्याच्या दीड महिना आधीच बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकरही गेली होती. लोकांनी हळहळ व्यक्त केली, फोटो काढले. सीटच्या स्प्रिंगा पाठीत रुतायच्या, ते कोणाला आठवलं नाही.

त्या गाडीचा मीटर मात्र आठवण्यासारखा होता. गाडीच्या डाव्या अंगाला, काचेच्या बाहेर, पत्र्याच्या डब्यात बसवलेला. प्रवासी बसला की चालक हात लांब करून त्याची झेंडी फिरवायचा, टण्ण असा आवाज यायचा आणि आत दातेरी चाकं फिरू लागायची. मीटरवर दिसायचे ते एक रुपया, एक रुपया दहा पैसे असले जुन्या जमान्यातले आकडे. दर वाढले तरी चाकं तीच, म्हणून चालकाकडे एक टॅरिफ कार्ड असायचं: मीटरवर इतकं, तर द्यायचे तितके. रात्री उतरताना दिव्याच्या उजेडात ते कार्ड वाचणं हा एक कार्यक्रमच. कार्ड चुरगळलेलं, एका कोपऱ्यात पाणी लागलेलं, आणि नवशिक्या प्रवाशाला मध्यरात्रीच्या रकान्यातला आकडा दाखवणारे बहाद्दरही होते. २०१२-१३ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि कार्डाचं काम बरंचसं संपलं. तरीही दर वाढला की प्रत्येक मीटर नव्याने तपासून, सील करून घ्यावा लागतो. १ फेब्रुवारी २०२५ ला टॅक्सीचं किमान भाडं २८ चं ३१ झालं, तेव्हाही हजारो मीटर बदलून होईपर्यंत काही महिने गेले आणि तोवर पुन्हा कार्डच बाहेर निघालं.

पण मुंबईच्या टॅक्सीचं नशीब ठरवणारी तारीख वेगळी आहे. १९९७ मध्ये राज्य सरकारने टॅक्सी आणि रिक्षांचे नवे परवाने देणं बंद केलं. पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत अशी मर्यादा घालायची सोय मोटार वाहन कायद्याच्या कलम ७४ मध्ये आहे. रस्ते तुंबले, धूर वाढला, चालकांचा धंदा विभागला जातो, ही कारणं त्या वेळी पटण्यासारखी होती. धुराचा प्रश्न तर उच्च न्यायालयात गेला होता. त्यातून व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सींना सीएनजी घ्या किंवा रस्ता सोडा, असा हुकूम झाला. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. सरकार आणि न्यायालय यांनी एकदा ठरवलं की काय होऊ शकतं, याचा तो चांगला दाखला. नियमन म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

परवानाबंदीचं मात्र तसं झालं नाही. १९९१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या ९९ लाख होती, २०११ मध्ये ती १ कोटी २४ लाख झाली. बांद्रा-कुर्ला संकुल उभं राहिलं, गिरण्यांच्या जागी टॉवर आले, विमानतळावरची वर्दळ कैक पटींनी वाढली. नव्वदीच्या दशकात साठ हजारांच्या आसपास असलेल्या काळ्या-पिवळ्या या काळात वाढल्या नाहीतच, उलट घटत गेल्या. आज त्या चाळीस हजारांच्या आसपास असल्याचं सांगितलं जातं. म्हातारी गाडी मोडीत निघाली की तिचा परवाना कपाटात पडून राहायचा. मालक गावी गेला, वारला, वारसांनी नूतनीकरण केलं नाही. असे मृत परवाने यादीत होते, रस्त्यावर नव्हते.

जे परवाने जिवंत होते त्यांचं काय झालं, ते कोणत्याही टंचाईच्या मालाचं होतं तेच. परवाना सरकारच्या लेखी व्यवसायाची परवानगी होती, बाजाराच्या लेखी ती मालमत्ता झाली. तिचा हस्तांतराचा भाव ठरू लागला, ती भाड्याने दिली जाऊ लागली. ज्याच्याकडे परवाना आहे त्याने गाडी चालवलीच पाहिजे असं नाही, आणि जो बारा तास गाडी चालवतो त्याच्याकडे परवाना असेल असंही नाही. परवाने कमी ठेवले की चालकाची कमाई टिकेल, असा हिशेब होता. टंचाईची मलई परवान्याच्या मालकाकडे गेली. रोजची रक्कम चुकती करून उरेल ते चालकाचं, ही जुनी रीत तशीच राहिली.

आणि परवाना दुर्मीळ झाला की तो कोणाला द्यायचा यावर राजकारण होणारच. २००८ मध्ये मुंबईत उत्तर भारतीय टॅक्सीचालकांना मारहाण झाली, गाड्या फुटल्या. जानेवारी २०१० मध्ये अशोक चव्हाण यांच्या मंत्रिमंडळाने नव्या टॅक्सी परवान्यासाठी मराठी लिहिता-वाचता येणं आणि पंधरा वर्षांचा रहिवास सक्तीचा केला. दिल्लीपर्यंत गदारोळ झाला, तेव्हा स्थानिक भाषा म्हणजे हिंदी-गुजरातीही चालेल, असा खुलासा आला. दिवाकर रावते परिवहन मंत्री असताना रिक्षा परवान्यांसाठी पुन्हा मराठीची अट आली, ती २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. चालकाला मराठी यावं, ही अपेक्षा अजिबात गैर नाही. मुंबईत गाडी हाकणाऱ्याला बाईमाणसाने सांगितलेला पत्ता कळायला हवा. पण या सगळ्या वादात वर्षांमागून वर्षं गेली आणि प्रश्न राहिला तो परवाना कोणाला एवढाच. आणखी किती हवेत, हे कोणी मोजलं नाही. रिक्षांच्या परवान्यांवरची बंदी २०१७ मध्ये उठली, त्यानंतर राज्यभर रिक्षा इतक्या वाढल्या की रिक्षा संघटनाच आता पुन्हा बंदी घाला म्हणून मागणी करतात.

भाड्याचंही असंच. दर ठरवायला मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण आहे, सूत्रं सुचवायला समित्या आहेत. निवृत्त सनदी अधिकारी पी. एम. ए. हकीम यांच्या समितीच्या सूत्रानुसार ऑक्टोबर २०१२ मध्ये टॅक्सीचं किमान भाडं १७ चं १९ आणि रिक्षाचं १२ चं १५ झालं. मुंबई ग्राहक पंचायत त्याविरुद्ध लढली. टॅक्सी २०१४ मध्ये २१ वर गेली, २०१५ मध्ये २२ वर. त्यानंतर थेट मार्च २०२१ मध्ये २५. मधली जवळपास सहा वर्षं सरकारने प्रवाशाला दिलासा दिला, असं म्हणायचं. त्या दिलाशाची किंमत रस्त्यावर वसूल झाली: जवळचं भाडं नको, मीटरने नको, पावसात तर नकोच.

बी. सी. खटुआ समितीने २०१७ मध्ये अहवाल दिला. दुपारच्या मंद वेळेत सवलत आणि लांबच्या फेरीला दर थोडा कमी, अशा सूचना त्यात होत्या. म्हणजे वेळेनुसार दर बदलावा, ही कल्पना सरकारी कागदात आली होती. खरं तर ती जुनीच आहे. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळात मीटरच्या वर पंचवीस टक्के द्यायचे, हा नियम मुंबईकर कुरकुर न करता पाळत आला आहे. ॲपच्या गाडीने पावसात दुप्पट मागितले की अंगाचा तिळपापड होतो, तो आकडा आपल्यासमोर कोणत्या हिशेबाने आला हे कळत नाही म्हणून.

परवान्याच्या भिंतीला पहिली चीर २००६-०७ मध्ये पडली. फोन करून बोलवायच्या वातानुकूलित टॅक्सींची योजना आली, मेरूसारख्या कंपन्या रस्त्यावर आल्या. पण खरी भिंत पडली ती ओला-उबरने, आणि गंमत म्हणजे त्यांनी एकही वीट हलवली नाही. त्यांच्या गाड्या पर्यटक परवान्यावर धावू लागल्या. पर्यटक परवान्यांच्या संख्येवर १९९७ ची मर्यादा नव्हतीच. रस्त्यात हात दाखवून थांबवायची ती टॅक्सी, आधी बुकिंग करायचं ते पर्यटक वाहन, असा कायद्यातला भेद. मोबाइलमुळे बुकिंग दोन मिनिटं आधी करता येऊ लागलं आणि भेद कागदावर उरला. उबर मुंबईत २०१४ मध्ये आली. पुढच्या दोन-तीन वर्षांत पांढऱ्या, पिवळ्या पाटीच्या गाड्यांनी शहर भरून गेलं. सरकारने जी संख्या दोन दशकं मुठीत धरून ठेवली होती, ती ॲपने फोनच्या पडद्यावर सोडून दिली.

प्रवासी खूश झाला, आणि का होऊ नये? गाडी दारात येत होती, नाही म्हणत नव्हती, आणि सुरुवातीच्या काळात काळ्या-पिवळीपेक्षा स्वस्त पडत होती. चालकही खूश होता. भांडवलदारांच्या पैशांतून इन्सेंटिव्ह मिळत होते, त्या जोरावर कर्ज काढून गाड्या घेतल्या गेल्या. कोणी गावची जमीन विकली, कोणी रिक्षा विकली. मग इन्सेंटिव्ह आटले, कमिशन कापलं जाऊ लागलं, गाड्या इतक्या झाल्या की दोन फेऱ्यांच्या मधला रिकामा वेळ वाढला. हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतल्या ॲपचालकांनी बारा दिवस संप केला. मागणी काय, तर काळ्या-पिवळीसारखे आम्हालाही सरकारने दर बांधून द्यावेत. ज्या नियमांतून सुटून हा धंदा उभा राहिला, तेच नियम चार वर्षांत चालक मागू लागले.

सरकारने मधल्या काळात हात बांधून ठेवले होते असं नाही, पण जो हात उचलला तो कुठेतरी अडकला. २०१७ मध्ये राज्याने शहर टॅक्सी नियम आणले. त्यांत इंजिनाच्या क्षमतेनुसार शुल्क होतं: १४०० सीसीच्या आतल्या गाडीला पंचवीस हजार, वरच्या गाडीला २ लाख ६१ हजार. चालक न्यायालयात गेले, नियम अडगळीत पडले. केंद्राने २०१९ मध्ये कायद्यात ॲग्रिगेटर, म्हणजे प्रवासी आणि चालक जुळवून देणारी ॲप कंपनी, हा शब्द आणला आणि २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: मूळ भाड्याच्या दीडपटीच्या वर जायचं नाही, भाड्याचा ऐंशी टक्के वाटा चालकाला. राज्यांनी आपापले नियम करायचे होते, महाराष्ट्राने केले नाहीत. तक्रार करायला धड सोय नाही म्हणून एका वकील प्रवाशाने याचिका केली. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या ॲप कंपन्यांना परवाना घेण्यासाठी थोड्याच दिवसांची मुदत दिली. तोवर, म्हणजे आठेक वर्षं, हा सगळा व्यवहार ॲग्रिगेटर परवान्याविनाच चालला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिलमध्ये परिस्थिती जैसे थे ठेवायचा आदेश झाला. मे २०२५ मध्ये अखेर राज्याचं ॲग्रिगेटर धोरण आलं. दीडपटीची मर्यादा आली, चालकाने उगाच फेरी रद्द केली तर दंड आला. जुलैत केंद्राने नव्या सूचना काढून मर्यादा दुपटीपर्यंत नेली. चालक आझाद मैदानात उपोषणाला बसले. सप्टेंबरात ॲपच्या गाड्यांसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असा दर जाहीर झाला. ७२ पैसे कोणत्या सूत्रातून आले ते सूत्रकार जाणोत.

याच वाटेवर न्यूयॉर्क बरंच पुढे जाऊन ठेचाळलं आहे. तिथे १९३७ च्या हास कायद्याने टॅक्सींची संख्या गोठवली. परवान्याचं प्रतीक म्हणजे बॉनेटवर ठोकलेला धातूचा बिल्ला, मेडॅलियन. पाऊण शतक उलटलं तरी शहरातल्या मेडॅलियनांचा आकडा साडेतेरा हजारांच्या आसपासच होता, आणि २०१४ च्या सुमारास एकेका बिल्ल्याचा भाव दहा लाख डॉलरच्या वर गेला. शहर प्रशासन स्वतःच बिल्ल्यांचे लिलाव करून तिजोरी भरत होतं आणि ही गुंतवणूक किती भरवशाची याच्या जाहिरातीही करत होतं. बांगलादेश, पाकिस्तान, पंजाब, हैती इथून आलेल्या चालकांनी आयुष्यभराची पुंजी आणि पेलणार नाही एवढं कर्ज घालून ते घेतले. ॲपच्या गाड्या आल्या आणि भाव दोन लाखांच्या खाली कोसळला. २०१८ मध्ये चालकांच्या आत्महत्यांनी शहर हादरलं.

तिथल्या टॅक्सीचालकांच्या संघटनेच्या नेत्या भैरवी देसाई मूळच्या गुजरातच्या. २०२१ मध्ये संघटनेने सिटी हॉलबाहेर दीड महिना ठिय्या दिला, शेवटचे पंधरा दिवस उपोषण केलं. उपोषणाला बसलेल्यांत जोहरान ममदानी नावाचे एक तरुण आमदारही होते. तेच २०२५ मध्ये शहराच्या महापौरपदाची निवडणूक जिंकले. शहराने अखेर कर्जाची हमी घेतली, मुद्दल १ लाख ७० हजार डॉलरपर्यंत खाली आणायचा तोडगा निघाला. ज्या शहराने टंचाई निर्माण करून पैसा केला, त्याच शहराला तिची भरपाई करावी लागली. मुंबईत परवान्याचे भाव त्या पातळीला कधी पोहोचले नाहीत, एवढंच आपलं भाग्य.

उलट टोकाला डब्लिन आहे. तिथेही परवाना ऐंशी-नव्वद हजार आयरिश पौंडांना जात होता आणि शनिवारी रात्री लोक टॅक्सीसाठी तासन्‌तास रांगेत उभे राहत. २००० मध्ये न्यायालयाने संख्येवरची मर्यादा बेकायदा ठरवली. दोनेक वर्षांत टॅक्सी तिपटीच्या घरात गेल्या. रांगा आटल्या, आणि ज्यांनी घर गहाण ठेवून परवाना घेतला होता, त्यांच्यासाठी सरकारला सानुग्रह मदतीची समिती नेमावी लागली. लंडनच्या काळ्या कॅबनी तिसरीच रीत पाळली आहे. संख्येवर बंधन नाही, पण बॅज हवा तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ हवेत. ही परीक्षा १८६५ पासून चालू आहे आणि ती पास व्हायला तीन-चार वर्षं सहज जातात. तिथे गाळणी चालकाच्या लायकीला लावलेली, आकड्याला नाही.

गोव्यात जाऊन आलेल्या मराठी माणसाला टॅक्सीचा विषय काढून पाहावा, तो बीचबद्दल नंतर बोलेल. ओला-उबर तिथे नाहीत. पर्यटन विकास महामंडळाच्या साथीने २०१८ मध्ये गोवामाइल्स हे ॲप आलं, त्याच्या चालकांना किनाऱ्यावरच्या टॅक्सीवाल्यांनी अडवल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. डिजिटल मीटरसाठी उच्च न्यायालयाला सरकारच्या मागे लागावं लागलं. मीटर आले, पण पर्यटकाशी बोली तोंडीच होते. मोपा विमानतळ सुरू झाला, तेव्हा पेडण्यातल्या टॅक्सीवाल्यांनी तिथे आपला काउंटर मागितला. आमच्या जमिनी गेल्या, निदान भाडं तरी आमचं, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. मे २०२५ मध्ये गोवा सरकारने ॲग्रिगेटरसाठी मसुदा काढला. टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले, किनाऱ्यावरचे आमदार त्यांच्या बाजूने बोलू लागले आणि मसुदा गुंडाळला गेला. छोट्या मतदारसंघात काहीशे टॅक्सी म्हणजे काहीशे घरं, आणि तिथे निवडणुका तेवढ्याच मतांनी फिरतात. पर्यटक मत देत नाही.

त्याच गोव्यात एक जुनी व्यवस्था निमूट चालू आहे: पायलट. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल, मागे एक प्रवासी. पणजीच्या बसस्टँडवर उतरणाऱ्याला ती नवी वाटत नाही. कित्येक दशकं तिला सरकारमान्यता आहे. महाराष्ट्रात हीच गोष्ट जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने पुण्यात सेवा देणाऱ्या एका कंपनीला परवाना नाही म्हणून बंद करायला लावली आणि एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विजेवर चालणाऱ्या दुचाकींपुरती मंजूर केली. मंत्रालयाच्या दारात आलेली बाइक त्या मंजुरीनंतर आणि परवाने निघायच्या आधी आली होती.

न्यूयॉर्कची एक गोष्ट मात्र आपल्याकडे कोणी उचललेली नाही. तिथला टॅक्सी आयोग प्रत्येक फेरीची नोंद घेतो. गाडी कुठून, केव्हा, कुठे गेली, भाडं किती, हे पिवळ्या टॅक्सीने आणि ॲप कंपन्यांनी आयोगाला द्यावंच लागतं. ती आकडेवारी कोणालाही डाउनलोड करता येते. २०१८ मध्ये ॲपच्या नव्या गाड्यांवर मर्यादा घातली गेली आणि चालकाचं किमान उत्पन्न ठरवलं गेलं, ते याच नोंदींवरून. त्या सूत्रात चालकाचा रिकामा फिरण्याचा वेळही धरला आहे: कंपनीने गरजेपेक्षा जास्त गाड्या रस्त्यावर आणल्या, तर दर फेरीमागे तिला जास्त मोजावे लागतात. गाड्या किती हव्यात, हा प्रश्न मंत्र्याच्या टेबलावरून उठून रस्त्यावरच्या हिशेबात गेला.

मुंबईच्या काळ्या-पिवळीचा इलेक्ट्रॉनिक मीटर फेरी मोजतो, पैसे दाखवतो आणि फेरी संपली की विसरून जातो. ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली या परिवहन कार्यालयांच्या नोंदीत परवाना सापडतो, इंजिन नंबर सापडतो, पासिंगची तारीख आणि चालकाचा बॅज सापडतो. किती गाड्या संध्याकाळी सहा वाजता बाहेर होत्या, किती पाळी बदलायला गेल्या होत्या, कितींनी नाही म्हटलं, यासाठी तिथे रकाना नाही. ॲप कंपन्यांकडे हे सगळं आहे, मिनिटामिनिटाचं. राज्याच्या नव्या धोरणावर भाडं किती आणि दंड किती यावर उपोषणं झाली, बैठका झाल्या. ही नोंद सगळ्यांसाठी खुली करा, अशी मागणी त्यात फारशी ऐकू आली नाही, ना प्रवाशांकडून, ना संघटनांकडून, ना खात्याकडून.